‘ओत्रारचा पाडाव’ : पाहण्याआधी आणि पाहिल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगोल स्वाऱ्यांवरचा चित्रपट म्हटला की प्रेक्षक टापांच्या आवाजाची वाट बघत बसतो. १९९१ सालच्या या कझाक चित्रपटात टापा, वेढा, आग, सगळं आहे. पण ते यायच्या आधी बराच वेळ आपण एका दरबारात अडकून पडतो, आणि बरेच जण तिथेच कंटाळून उठतात. उठू नये म्हणून ही प्रश्नोत्तरं. ज्यांना शेवट माहीत नको असेल त्यांनी चांदीबद्दलचा प्रश्न आत्ता सोडून द्यावा. बाकी शहर पडतं हे नावातच सांगितलेलं आहे.

चित्रपट नेमका कशावर आहे?

ओत्रार हे मध्य आशियातलं सिर दर्याकाठचं व्यापारी शहर. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला ते ख्वारज्म साम्राज्यात होतं. १२१८ मध्ये चंगेज खानाकडून आलेल्या व्यापारी तांड्याची तिथे कत्तल झाली. पुढच्या वर्षी मंगोल सैन्य आलं आणि १२२० मध्ये शहर पडलं. त्याच सुमारास आणि पुढच्या साधारण वर्षभरात बुखारा, समरकंद, गुरगंज अशी एकेक नगरं गेली आणि ख्वारज्मचं साम्राज्य संपलं.

चित्रपट ही गोष्ट उंझू नावाच्या किपचाक, म्हणजे गवताळ मैदानातल्या एका तुर्की टोळीतल्या, हेराच्या नजरेतून सांगतो. सात वर्षं चंगेजच्या सैन्यात काढून तो परत आलाय आणि सांगतोय, ‘हे लोक येणार आहेत, तयारीला लागा.’ त्याला शाबासकीऐवजी संशय मिळतो आणि संशयापाठोपाठ छळ. चित्रपटाचा पूर्वार्ध म्हणजे एवढंच : एक माणूस ओरडून सांगतोय आणि ऐकणारे एकमेकांकडे बघतायत.

कुणी केलाय?

दिग्दर्शक अर्दाक अमिरकुलोव. मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत सर्गेई सोलोव्योव यांच्या हाताखाली कझाक विद्यार्थ्यांची जी तुकडी तयार झाली आणि जिच्यातून पुढे ‘कझाक नवी लाट’ आली, त्या तुकडीतला हा माणूस. पटकथा अलेक्सेई गेर्मान आणि स्वेतलाना कार्मालिता या पती-पत्नीची. गेर्मानचे स्वतःचे चित्रपट ज्यांनी पाहिलेत त्यांना त्यांचा हात लगेच ओळखू येईल. चिखल, गर्दी, चौकटीच्या कडेला चाललेली भलतीच कामं, आणि कुणीही प्रेक्षकाला काही समजावून सांगायच्या भानगडीत न पडणं.

निर्मिती ‘कझाकफिल्म’ची. चित्रपट आला ते साल सोव्हिएत संघ मोडण्याचं. एका साम्राज्याच्या शेवटावरचा चित्रपट दुसऱ्या साम्राज्याच्या शेवटच्या वर्षात पडद्यावर यावा, हा योगायोगही असेल. पण वरिष्ठांना खरं सांगण्याची किंमत काय असते हे त्या लेखकद्वयाला कुठल्या पोथीत शोधावं लागलं नसणार. गेर्मानच्या स्वतःच्या एका चित्रपटाला सरकारने वर्षानुवर्षं डब्यात ठेवलं होतं.

चंगेज खानाचं काम कुणी केलंय? चेहरा ओळखीचा वाटतो.

बोलोत बेइशेनालियेव, किर्गिझ नट. तारकोव्स्कीच्या ‘आंद्रेई रुब्ल्योव’मधला तातार खान आठवतो का? तोच. उंझू झालाय दोख्दुर्बेक किदिरालियेव, आणि ओत्रारचा सुभेदार कैरखान झालाय तुंगिशबाय जमनकुलोव. कैरखानाचं काम बारकाईने पाहण्यासारखं आहे.

उंझू खरोखर होऊन गेला का?

नाही. तो पटकथेने घडवलेला माणूस. ख्वारज्मचा राजा शहा मुहम्मद, त्याची आई तुर्कान खातून, कैरखान आणि चंगेज ही मात्र इतिहासातली माणसं.

मग तांड्याचं प्रकरण? तेवढं तरी खरं ना?

पूर्ण खरं, आणि चित्रपटात दिसतं त्याहून जास्त गुंतागुंतीचं.

आधी पार्श्वभूमी बघू. १२१५ मध्ये चंगेजने उत्तर चीनच्या जिन राज्याची राजधानी झोंगडू, म्हणजे आजच्या बीजिंगच्या जागेवरचं शहर, घेतलं. हातात रेशीम, चांदी, कारागीर आले. आता पश्चिमेशी व्यापार हवा होता. तेव्हाच्या हालचालींवरून तरी त्याला ख्वारज्मशी लगेच लढाई नको होती. त्याने शहाला नजराणे पाठवले, व्यापाराची बोलणी झाली आणि मोठा तांडा निघाला. इराणी बखरकार जुवैनी साडेचारशे माणसांचा आकडा देतो. सगळे व्यापारी मुसलमान, असंही तोच सांगतो. व्यापाऱ्यांच्या म्होरक्यांमध्ये उमर ख्वाजा ओत्रारी नावाचा एक जण होता, म्हणजे तो आपल्याच गावी मरायला आला.

ओत्रारच्या सुभेदाराचं मूळ नाव इनालचुक. पदवी ‘गायिर खान’, चित्रपटातला कैरखान. तो तुर्कान खातूनच्या नात्यातला. त्याने तांडा अडवला, माल जप्त केला आणि माणसं मारली. उंट हाकणारा एक जण तेवढा निसटला आणि त्याने जाऊन खबर दिली.

का मारली, यावर त्या काळच्या दोन लेखकांचं पटत नाही. नसवी म्हणतो, लोभ. मालावर डोळा गेला आणि सुभेदाराने शहाला कळवलं की हे व्यापारी नसून हेर आहेत. जुवैनी वेगळंच सांगतो आणि ते आपल्याकडच्या वाचकाला गंमतशीर वाटेल : तांड्याबरोबर एक हिंदुस्थानी माणूस होता, सुभेदाराच्या जुन्या ओळखीचा. त्याने सगळ्यांदेखत त्याला पदवीने न पुकारता नुसतं ‘इनालचुक’ म्हटलं. साहेबांचा अपमान झाला! एवढ्यावरून साम्राज्य बुडालं असं नाही, पण दरबारी माणसाच्या नाकावर किती माश्या बसतात हे ज्याने पाहिलंय तो जुवैनीला सरसकट खोटं ठरवणार नाही.

आणि तांड्यात हेर होते का? असणारच. त्या काळी दूरवर जाणारा प्रत्येक व्यापारी थोडाफार बातमीदार असायचाच, आणि मंगोलांनी ही गोष्ट इतरांपेक्षा जास्त पद्धतशीर केली होती. म्हणून कैरखानाचा संशय अगदीच निराधार नव्हता. चित्रपट त्याला निव्वळ हावरा सुभेदार ठरवून मोकळा होत नाही, हे मला आवडतं.

एका तांड्यासाठी चंगेजने अख्खं साम्राज्य जाळलं?

लगेच नाही. त्याने आधी वकील पाठवला, सोबत दोन माणसं. मागणी एकच : सुभेदाराला आमच्या ताब्यात द्या. शहाने वकिलाला मारलं आणि सोबतच्या दोघांना दाढ्या उतरवून परत पाठवलं. मंगोलांच्या लेखी वकिलाला हात लावणं याहून मोठा गुन्हा नव्हता. तिथून परतीची वाट बंद झाली.

शहा सुभेदाराला सोपवू शकला असता का? इथे प्रकरण आईपर्यंत जातं.

तुर्कान खातून इतकी महत्त्वाची का?

कारण फौज तिची होती. शहाच्या सैन्याचा कणा म्हणजे किपचाक आणि कांगली टोळ्यांतले सरदार, आणि ती त्यांच्यातलीच. तिचा दरबार वेगळा, तिचे हुकूम वेगळे. मुलाचा आणि आईचा हुकूम एकाच ठिकाणी पोचला तर ज्याच्यावर नंतरची तारीख असेल तो पाळायचा, असा तिथला रिवाज नसवीने नोंदवलाय. तिच्या माणसाला बेड्या घालून मंगोलांकडे पाठवणं म्हणजे स्वतःच्याच फौजेला बंडाचं निमंत्रण देणं.

चित्रपटातले तिचे प्रसंग परत पाहावेत. तिथे कुणी कुणाशी सरळ बोलत नाही. प्रत्येक वाक्य तिसऱ्याच माणसाने ऐकावं म्हणून बोललेलं असतं. शेवटी ती मंगोलांच्या हाती लागली, तिला मंगोलियात नेलं आणि तिथेच कैदेत ती वारली.

शहाला खरंच कुणी सावध केलं नव्हतं का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला चित्रपट नीट पोचलाय असं समजावं.

सावध केलं होतं. उंझू कल्पनेतला असला तरी त्याने आणलेली बातमी कल्पनेतली नाही. शहाने बहाउद्दीन राझी नावाचा वकील चंगेजकडे पाठवला होता. तो झोंगडूच्या परिसरात पोचला तेव्हा दुरून एक पांढरी टेकडी दिसली. सोबतच्यांना वाटलं बर्फ आहे. वाटाड्याने सांगितलं, ही माणसांची हाडं. हा वृत्तांत लिहून ठेवला तो जुझजानीने, आणि त्याने तो लिहिला दिल्लीत. घूर प्रांतातून मंगोलांच्या धास्तीने पळून हिंदुस्थानात आलेला हा काझी. त्याच्या बखरीमुळे ख्वारज्मच्या या कहाणीचा एक मोठा तुकडा दिल्लीच्या दफ्तरातून आपल्यापर्यंत येतो.

म्हणजे बातमी आली होती, तीही स्वतःच्या वकिलाकडून.

दुसरा प्रसंग नसवीचा. चंगेजने शहाकडे पाठवलेल्या वकिलांत महमूद नावाचा एक ख्वारज्मचाच माणूस होता. शहाने त्याला रात्री एकट्याला बोलावलं, एक रत्न हातात ठेवलं आणि म्हणाला, तू आमच्यातला, आता आमचा हेर हो. मग विचारलं, त्याचं सैन्य किती? माझ्याएवढं आहे का? चंगेजने निरोपात शहाला मुलासारखा म्हटलं होतं, त्यामुळे तो आधीच भडकलेला. महमूदने चेहरा पाहिला, जिवाचा विचार केला आणि सांगून टाकलं : आपल्या अफाट सैन्यापुढे त्याचं सैन्य म्हणजे काहीच नाही. शहा खूश झाला.

मला हा प्रसंग त्या सगळ्या इतिहासातला सगळ्यात भयंकर वाटतो, हाडांच्या टेकडीपेक्षाही. त्यात कुणी मरत नाही. फक्त एक माणूस प्रश्न विचारतो आणि त्याला हवं ते उत्तर मिळतं. गेर्मान-कार्मालितांनी हाच प्रसंग उलटा करून अख्खा चित्रपट उभा केलाय, असं मी म्हणेन : महमूदच्या जागी खरं बोलणारा आला असता तर त्याचं काय झालं असतं? उंझूचं जे होतं ते.

शहाकडे एवढी फौज होती, मग तो मैदानात का उतरला नाही?

सल्ला देणारे होते. सिर दर्याच्या काठावर सगळं सैन्य एकत्र करा, लांबून दमून आलेल्या शत्रूला नदी ओलांडतानाच गाठा, असं त्याला सुचवण्यात आलं होतं. त्याने सैन्य विभागून शहराशहरांत ठेवलं. युद्धशास्त्र म्हणून हा निर्णय वाईट, पण त्यामागे भीती होती : सगळे सरदार एका छावणीत जमले तर ते मंगोलांवर जातील की माझ्यावर?

मंगोलांनी हे ओळखलं. ओत्रारकडचाच बद्रुद्दीन अमीद नावाचा एक अधिकारी चंगेजला जाऊन मिळाला. त्याच्या घरच्यांना शहाने मारलं होतं. त्याच्या सल्ल्याने खातूनच्या नात्यातल्या सरदारांच्या नावाने बनावट पत्रं तयार झाली आणि ती शहाच्या हाती पडतील अशी व्यवस्था झाली. पत्रांत काय असणार? आम्ही तुमचेच आहोत, या. शहाचा संशय पक्का झाला. स्वतःच्या हेराचं खरं त्याला पटलं नसतं, पण शत्रूचं खोटं लगेच पटलं.

वेढ्याची दृश्यं कितपत खरी आहेत?

भाव खरा आहे. तपशिलात जायचं तर : १२१९ च्या शरद ऋतूत सैन्य आलं. चंगेज स्वतः तिथे थांबला नाही. चगताई आणि ओगेदेई या दोन मुलांवर वेढा सोपवून तो बुखाऱ्याकडे गेला. मंगोलांच्या दलांची रचना दहा, शंभर, हजार, दहा हजार अशी. त्यांच्याबरोबर चीनमधून आणलेले, दगडफेकी यंत्रं उभारणारे कारागीर. आणि सगळ्यात निर्घृण भाग म्हणजे आसपासच्या गावांतून धरून आणलेली माणसं. त्यांना खंदक भरायला आणि भिंतीवर चालून जायला पुढे लोटायचं. वरून तटावरचे लोक बाण मारणार ते आपल्याच माणसांवर.

शहर पाच महिने टिकलं. जुवैनी आत साठ हजारांच्या आसपास फौज सांगतो. बखरीतले आकडे फुगवलेले असतात हे धरून चालावं. त्यातले दहा हजार कराचा नावाच्या सरदाराबरोबर मदतीला आले होते. कराचाने पाच महिन्यांनी शरणागतीचा विषय काढला. कैरखान म्हणाला, आपण धन्याशी बेइमानी केली तर मुसलमानांना तोंड कसं दाखवायचं? खरं कारण त्यालाही ठाऊक होतं आणि कराचालाही : शरण गेलं तर बाकीचे वाचतील, कैरखान नाही. रात्री कराचा आपली माणसं घेऊन सूफीखाना दरवाजातून बाहेर पडला. मंगोल त्याच वाटेने आत घुसले. राजपुत्रांनी कराचाची चौकशी केली आणि त्याला मारून टाकलं. आपल्या धन्याशी जो निष्ठेने राहिला नाही तो आमच्याशी काय राहणार, हा हिशेब.

बालेकिल्ला त्यानंतर आणखी एक महिना लढला. पन्नास-पन्नास जणांच्या तुकड्या बाहेर पडायच्या आणि मरायच्या. शेवटी कैरखानाजवळ दोन माणसं उरली, मग तीही गेली. तो वाड्याच्या छपरावर, बाण संपलेले. दासी भिंतीच्या विटा काढून त्याच्या हातात देत होत्या आणि तो त्या खाली फेकत होता. त्याला जिवंत पकडायचा हुकूम होता, म्हणून एवढा वेळ लागला. ज्याच्यामुळे हे सगळं ओढवलं त्याच माणसाला जुवैनी, मंगोलांच्या चाकरीत असूनही, अशी शेवटची लढाई देतो!

चांदी वितळवून ओतली हे खरं का?

नसवी तसं लिहितो : डोळ्यांत आणि कानांत वितळलेली चांदी. जुवैनी फक्त मारलं एवढंच सांगतो. नसवी हा शहाचा मुलगा जलालुद्दीन याचा चिटणीस, म्हणजे कैरखानाचा तांड्याच्या बाबतीत कैवार न घेणारा पण मंगोलांवर राग असलेला माणूस. लोभ्याला चांदीनेच मारलं ही गोष्ट इतकी चोख जुळते की थोडा संशय घ्यावा. चित्रपटाने नसवीचा धागा उचललाय आणि ते दृश्य सहजी डोळ्यांपुढून जात नाही.

‘खान’ म्हणजे चंगेज मुसलमान होता ना?

नाही. हा प्रश्न आपल्याकडे दर वेळी येतो. खान ही गवताळ मैदानातल्या टोळ्यांच्या राजाची पदवी, धर्माशी तिचा संबंध नाही. चंगेज आभाळाला, तेंग्रीला मानणारा. त्याच्या पदरी मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध सगळे होते. या युद्धात जळालेली शहरं मुसलमानांची होती. त्याच्या वंशातले राजे मुसलमान झाले ते नंतर, काही शाखांमध्ये.

मग मुघल म्हणजे मंगोलच का?

अर्धे. बाबर आईकडून चगताईच्या, म्हणजे चंगेजच्या मुलाच्या वंशातला आणि बापाकडून तैमूरच्या. त्याला स्वतःला तैमूरचा वंशज म्हणवून घेण्यात जास्त अभिमान. आणि तैमूर कुठे मेला? चीनवर स्वारीला निघाला असताना, १४०५ च्या फेब्रुवारीत, ओत्रारमध्ये.

काळापांढरा का आहे? मधेच रंग का येतो?

बराचसा चित्रपट तपकिरी छटेच्या काळ्यापांढऱ्यात आहे आणि अधूनमधून रंगाचा झोत येतो. त्याचं एकच एक कारण शोधत बसू नये. मला जाणवतं ते असं की एकरंगी दृश्यांत धूळ, माती, कातडं, माणसाची त्वचा हे सगळं एकाच पदार्थाचं वाटायला लागतं आणि शहराला वजन येतं. पडणार आहे ते काहीतरी जड आहे, हे आधी कळायला हवं ना.

पहिला भाग फार संथ आहे. पुढे ढकलला तर चालेल?

चालणार नाही. वेढा उत्तरार्धात आहे, पण चित्रपट पूर्वार्धात आहे. नावं लक्षात राहत नाहीत, कोण कुणाचा माणूस हे कळत नाही, अशी तक्रार योग्य आहे. त्यावर उपाय : चार माणसं घट्ट धरा. उंझू, कैरखान, शहा, खातून. बाकीचे दरबारी एकमेकांत मिसळले तरी बिघडत नाही. उंझूलाही त्यांच्यातला कोण आपला हे कळत नसतं.

लांबी पावणेतीन तासांच्या घरात. दोन भागांत आहे, तेव्हा मध्ये चहाला उठायला हरकत नाही.

मुलांना घेऊन बसावं का?

नको. छळाची दृश्यं लांब आणि उघडी आहेत. महाविद्यालयात इतिहास शिकणाऱ्यांनी जरूर पाहावा.

चंगेज हिंदुस्थानात का आला नाही?

दारापर्यंत आला होता. शहा मुहम्मद पळत पळत कॅस्पियन समुद्रातल्या एका बेटावर जाऊन मेला. साम्राज्य इतकं मोठं आणि शेवटी कफनालाही कापड नाही. मुलगा जलालुद्दीन मात्र लढला. १२२१ मध्ये परवानजवळ त्याने मंगोल फौजेचा पराभव केला, मग लुटीच्या वाटणीवरून त्याच्या सरदारांत भांडण लागलं आणि निम्मं सैन्य निघून गेलं. बापाच्या दरबारातला रोग मुलाच्या छावणीतही होताच. नोव्हेंबरमध्ये सिंधूकाठी चंगेजने त्याला गाठलं. जलालुद्दीनने घोड्यासकट कड्यावरून नदीत उडी घेतली आणि पलीकडे गेला. चंगेजने आपल्या मुलांना दाखवून म्हटलं म्हणे, मुलगा असावा तर असा.

दिल्लीच्या इल्तुतमिशने त्याला आसरा दिला नाही. सौम्य शब्दांत कळवलं की इथली हवा आपल्याला मानवणार नाही. ते शहाणपणाचं होतं. मंगोलांची एक तुकडी मुलतानपर्यंत येऊन गेली, पण तिला खरोखरच उन्हाळा सोसवला नाही असं जुवैनी सांगतो. चंगेज स्वतः मागे फिरला.

त्या वेळी महाराष्ट्रात काय चाललं होतं?

देवगिरीवर यादवांचा राजा सिंघण दुसरा होता, आणि तो यादवांचा भरभराटीचा काळ. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव त्याच्याच पदरी. ओत्रारच्या धुराचा वासही इथे आला नसेल.

संबंध आला तो पाऊणशे वर्षांनी. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी, तेव्हा उत्तरेतल्या कडा प्रांताचा सुभेदार, देवगिरीवर चालून आला आणि रामदेवरावाचा खजिना घेऊन गेला. त्या पैशावर त्याने सरदार फोडले, चुलत्याला मारलं आणि दिल्लीची गादी मिळवली. पुढच्या दशकात चगताईच्या वंशजांच्या फौजा वारंवार दिल्लीवर आल्या. १३०३ मध्ये तर तार्घी नावाच्या मंगोल सरदाराने दिल्लीला वेढा घातला. त्यांना अलाउद्दीनने परतवलं. त्याच्या फौजेच्या पायात देवगिरीचं सोनं होतं, असं म्हणता येतं. रामदेवरावाला याचं समाधान वाटलं असतं असं मात्र नाही.

ओत्रार आज कुठे आहे? बघता येतं का?

दक्षिण कझाकस्तानात, तुर्किस्तान प्रांतात, आरीस नदी सिर दर्याला मिळते त्या भागात. आज तिथे मातीचं मोठं पठार दिसतं आणि उत्खननात उघडी पडलेली घरं, रस्ते, भट्ट्या. मंगोलांनंतर शहर पुन्हा वसलं होतं, बरीच शतकं चाललं, मग कालवे आणि व्यापार आटला आणि माणसं गेली. नववं-दहावं शतक गाजवणारा तत्त्वज्ञ अल-फराबी याच परिसरातला, फराब हे या मुलखाचं जुनं नाव. जाणाऱ्याने तुर्किस्तान शहरातला ख्वाजा अहमद यसवीचा दर्गा जोडून पाहावा. तो तैमूरने बांधायला घेतला आणि त्याच्या मृत्यूनंतर अपुराच राहिला.

यानंतर त्याच विषयावर काय पाहू?

घोडदौड आणि मोकळं मैदान हवं असेल तर सर्गेई बोद्रोव यांचा २००७ चा ‘मंगोल’. तो चंगेजच्या तरुणपणाबद्दल आहे, कझाकस्तानतर्फे ऑस्करला गेला आणि नामांकनही मिळालं. जॉन वेन चंगेज झालेला १९५६ चा हॉलिवूडपट फक्त हसायला. आणि ‘ओत्रारचा पाडाव’ दुसऱ्यांदा पाहायचा असेल तर सबटायटल असलेली प्रत शोधा. काही प्रतींवर सगळ्या पात्रांचे संवाद एकाच रशियन आवाजात वरून वाचलेले असतात, आणि त्यात खातूनचं आणि हुजऱ्याचं बोलणं सारखंच ऐकू येतं.